राज्यपाल ‘आपला’ असला म्हणजे झाले का?

२३ नोव्हेंबर २०१९ चा शनिवार आम्हाला चांगला आठवतो. सकाळची शाळा होती. शाळेत पोहोचेपर्यंत मोबाईलवर बातमी येऊन थडकली की मुंबईत राजभवनावर शपथविधी उरकलासुद्धा! रात्री लोक झोपले तेव्हा टीव्हीवर वेगळ्याच सरकारची चर्चा चालू होती. नववीच्या वर्गात पाय ठेवताच एका मुलीने विचारले, “सर, राज्यपालांना एवढ्या पहाटे कोण उठवतं?” वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण तिचा प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. राज्यपाल नेमके कोणाचे ऐकतात, असेच ती विचारत होती.

दुसरीकडे आमच्या घरच्या ग्रुपवर वेगळाच प्रकार चालतो. कुठल्या तरी राज्यात मुस्लिम नावाचे राज्यपाल नेमले गेले की मुबारकबादचे मेसेज सुरू होतात. “आपला माणूस बसला!” आनंद व्हावा, त्यात गैर काहीच नाही. पण त्या खुर्चीत बसलेला माणूस काय करू शकतो, काय करू शकत नाही आणि काय करू नये, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? या पदावर बसलेल्यांनीच त्याबद्दल जे सांगून ठेवले आहे आणि जे करून दाखवले आहे, त्यातून हे समजून घेऊ या.

आधी पद समजून घेऊ

राज्यपालांना आपण निवडून देत नाही. घटनेच्या कलम १५५ नुसार राष्ट्रपती त्यांची नेमणूक करतात, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार ठरवते. वय ३५ पूर्ण हवे. मुदत साधारण पाच वर्षांची, पण कलम १५६ प्रमाणे राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच. कलम १६३ सांगते की काही मोजके अपवाद सोडले तर राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे.

घटनेच्या मूळ मसुद्यात राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा, अशी तरतूद होती. १९४९ मध्ये घटना समितीने ती बदलली. मुख्यमंत्रीही लोकांच्या मतांवर आलेला आणि राज्यपालही लोकांच्या मतांवर आलेला, तर एका म्यानात दोन तलवारी होतील, ही भीती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हा फरक स्पष्ट केला होता. राज्यपालांना स्वतःच्या मनाने वापरायचे अधिकार जवळपास नाहीत, मात्र कर्तव्ये आहेत. मंत्रिमंडळाला सल्ला द्यायचा, चुकत असेल तर सावध करायचे, फेरविचार करायला सांगायचे. आणि हे सगळे कुठल्या पक्षाचा माणूस म्हणून नाही, तर राज्यातील सर्व जनतेचा प्रतिनिधी म्हणून.

घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे आहे हे. संसार मुले-सुना चालवतात. दादाजान चार शब्द सांगतात, वेळेला टोकतातही. पण तिजोरीची किल्ली हिसकावून घेत नाहीत.

पिंजरा की पहारा?

सुरुवातीच्या काळातील अनेक राज्यपालांना हे पद अडचणीचे वाटले. स्वातंत्र्यलढ्यात देश गाजवणाऱ्या सरोजिनी नायडू उत्तर प्रदेशच्या, म्हणजे तेव्हाच्या संयुक्त प्रांताच्या राज्यपाल झाल्या. देशातील त्या पहिल्या महिला राज्यपाल. सोन्याच्या पिंजऱ्यातील पक्षी, अशी त्यांनी स्वतःची थट्टा केल्याचे सांगितले जाते. मध्य प्रदेशचे राज्यपाल राहिलेले पट्टाभि सीतारामय्या यांची तक्रार अशी की, दर पंधरा दिवसांनी राष्ट्रपतींना अहवाल पाठवण्यापलीकडे फारसे काम उरत नाही. आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी तर १९६४ मध्ये हे पद सोडले आणि फुलपूरची लोकसभा पोटनिवडणूक लढवली.

महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल श्रीप्रकाश यांनी पुढे या पदावर एक पुस्तकच लिहिले. त्यांचा अनुभव दोन्ही बाजूंचा होता. १९५२ मध्ये ते मद्रासचे राज्यपाल असताना निवडणुकीत कोणालाच स्पष्ट बहुमत मिळाले नव्हते. त्यांनी राजाजींना विधान परिषदेवर नामनियुक्त केले आणि सरकार बनवायला बोलावले. त्यावर वाद झाला, आजही अभ्यासक तो दाखला देतात. पुढे मुंबई राज्यात आणि १ मे १९६० नंतर महाराष्ट्रात मात्र यशवंतराव चव्हाणांचे भक्कम बहुमताचे सरकार होते. तिथे असा प्रसंगच उद्भवला नाही.

यातून एक गोष्ट कळते. बहुमत स्पष्ट असले की राज्यपाल दिसतही नाहीत. बहुमत डळमळले की सगळ्यांच्या नजरा त्यांच्या दाराकडे वळतात. खरी परीक्षा तिथेच होते.

एका राज्यपालाचा नकार

या परीक्षेचा सर्वांत बोलका प्रसंग जम्मू-काश्मीरचा आहे. बी. के. नेहरू १९८१ पासून तिथले राज्यपाल होते. इंदिरा गांधींच्या नात्यातले, नेहरू घराण्यातलेच. १९८३ च्या निवडणुकीत फारुख अब्दुल्ला बहुमताने निवडून आले होते. काही महिन्यांतच आमदार फोडून त्यांचे सरकार घालवण्याच्या हालचाली सुरू झाल्या. राज्यपालांनी साथ द्यावी, अशी दिल्लीची इच्छा होती. नेहरूंनी नकार दिला. मुख्यमंत्र्यांचे बहुमत गेले असेल तर ते विधानसभेत दिसू द्या, राजभवनाच्या दिवाणखान्यात आमदारांची डोकी मोजायची नाहीत, ही त्यांची भूमिका. १९९७ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सविस्तर लिहिले आहे.

परिणाम काय झाला? एप्रिल १९८४ मध्ये त्यांची बदली गुजरातला झाली. त्यांच्या जागी जगमोहन आले. २ जुलै १९८४ रोजी फारुख अब्दुल्ला बडतर्फ झाले आणि फुटीर गटाचे जी. एम. शाह मुख्यमंत्री बनले. विधानसभेत मतमोजणी होण्याची वाट पाहिली गेली नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात राज्यपाल रामलाल यांनी एन. टी. रामाराव यांना हटवले. रामाराव हृदयाची शस्त्रक्रिया करून नुकतेच अमेरिकेहून परतले होते. त्याच अवस्थेत ते आपले आमदार घेऊन दिल्लीला राष्ट्रपतींकडे गेले. गदारोळ उठला. राज्यपाल बदलले, शंकरदयाळ शर्मा आले आणि सप्टेंबरमध्ये रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले.

म्हणजे नकार देणाऱ्या राज्यपालाची बदली झाली आणि सरकार तर पडलेच. मग त्या नकाराचा उपयोग काय, असे कोणी विचारेल. उपयोग आहे. नेहरू ज्या तत्त्वावर अडून बसले होते, तेच दहा वर्षांनी देशाचा कायदा ठरले. ११ मार्च १९९४ रोजी बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की, सरकारला बहुमत आहे की नाही हे सभागृहातच ठरावे, राज्यपालांच्या खासगी मतावर नव्हे.

आपल्या महाराष्ट्रात काय घडले

त्या नोव्हेंबरच्या शनिवारचा शेवटही याच तत्त्वाने झाला. २६ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत बहुमत सिद्ध करायला सांगितले. त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला.

जून २०२२ मध्ये उलटा प्रसंग आला. शिवसेनेत फूट पडली आणि राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करायला सांगितले. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, सरकारने विश्वास गमावला असे मानायला राज्यपालांकडे पुरेसा ठोस आधार नव्हता. पक्षातले भांडण सोडवण्यासाठी बहुमत चाचणी वापरता येत नाही. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार परत आणता येणार नाही. मुलांना आम्ही हा निकाल शिकवताना मुद्दाम दोन्ही वाक्ये सांगतो. राज्यपालांचे चुकले, हे एक. आणि सभागृहाचे मैदान सोडले तर न्यायालयही हात देऊ शकत नाही, हे दुसरे.

न केलेल्या सहीचाही परिणाम होतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी बारा नावे पाठवली. ती पडून राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, वाजवी वेळेत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे, असे सांगितले. तरी निर्णय झाला नाही आणि सरकार बदलल्यावर ती यादीच मागे घेतली गेली. विधेयके अडवून ठेवण्याचा प्रश्न तर तामिळनाडू, केरळपर्यंत पोहोचला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मत दिले की, न्यायालय राज्यपालांना ठरावीक मुदत घालून देऊ शकत नाही, पण राज्यपालांनाही विधेयक अनंतकाळ दाबून ठेवता येणार नाही.

आपल्या आरक्षणाचा अध्यादेश

आता आपल्या अगदी जवळची गोष्ट. जुलै २०१४ मध्ये मुस्लिम समाजातील मागास घटकांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. त्यावर राज्यपालांची सही होती. मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली, आम्हीही खाल्ली. नोव्हेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातील तेवढे चालू ठेवले. आणि डिसेंबर संपेपर्यंत तेही गेले. कसे?

अध्यादेश म्हणजे विधिमंडळ बसलेले नसताना काढलेला तात्पुरता कायदा. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत सभागृहाने त्याचे कायद्यात रूपांतर केले नाही तर तो आपोआप संपतो. मधल्या काळात निवडणूक झाली, सरकार बदलले, नव्या सरकारने कायदा केला नाही. अध्यादेश संपला. सही राज्यपालांची होती, पण तिचा जीव विधानसभेत होता.

आमच्या शाळेतल्या दहावी-बारावीच्या मुलांनी त्या वर्षी किती आशा धरली होती, हे आम्ही पाहिले आहे. त्या मुलांना राज्यपाल कोण होते हे आठवत नाही. त्यांच्या मतदारसंघाचा आमदार त्या अधिवेशनात काय बोलला, हे मात्र त्यांच्या घरच्यांनी विचारायला हवे होते. आपण कितीजणांनी विचारले?

नाव आणि काम

मुस्लिम राज्यपालांची परंपरा जुनी आहे. डॉ. झाकिर हुसेन १९५७ ते १९६२ बिहारचे राज्यपाल होते, पुढे राष्ट्रपती झाले. महाराष्ट्रात अली यावर जंग, माजी हवाई दलप्रमुख इद्रिस हसन लतीफ आणि मोहम्मद फजल हे राज्यपाल झाले. वांद्र्याच्या श्रवणविकलांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेला अली यावर जंग यांचे नाव आहे. केंद्र-राज्य संबंधांवर १९८३ मध्ये नेमलेल्या सरकारिया आयोगानेही शिफारस केली की, राज्यपाल निवडताना अल्पसंख्याकांना आजवरप्रमाणे संधी मिळत राहावी. पण त्याच आयोगाने अटीही सांगितल्या. माणूस नामवंत असावा, त्या राज्याबाहेरचा असावा, स्थानिक राजकारणात गुंतलेला नसावा. पहिले वाक्य आपण लक्षात ठेवतो, बाकीची विसरतो.

न्या. फातिमा बीवी यांचे उदाहरण घ्या. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. आपल्या मुलींना त्यांचे नाव आम्ही अभिमानाने सांगतो आणि सांगत राहू. त्या १९९७ मध्ये तामिळनाडूच्या राज्यपाल झाल्या. मे २००१ मध्ये त्यांनी जयललितांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. जयललितांना भ्रष्टाचाराच्या खटल्यात शिक्षा झालेली होती, त्यामुळे त्या निवडणूकही लढवू शकल्या नव्हत्या. सप्टेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक घटनेला धरून नाही असे ठरवले. त्याआधीच, करुणानिधींच्या अटकेवरून उठलेल्या वादात, फातिमा बीवींनी राजीनामा दिला होता.

हे सांगताना त्यांचा अनादर करायचा नाही. मोठ्या माणसाचा निर्णयही चुकू शकतो आणि तो तपासला जातो, एवढेच सांगायचे आहे. दुसऱ्याच्या राज्यपालाला जो काटा लावतो, तोच आपल्याला लावता आला नाही तर आपण इन्साफ मागण्याचा हक्कच गमावतो.

शपथ वाचा

कलम १५९ मधली राज्यपालांची शपथ छोटी आहे. घटनेचे आणि कायद्याचे रक्षण करीन आणि राज्यातील जनतेची सेवा व कल्याण यासाठी स्वतःला वाहून घेईन, असा तिचा आशय आहे. मंत्र्यांच्या शपथेत भीती, पक्षपात, ममत्व, आकस न ठेवता सर्वांना न्याय देण्याचे वचन असते. पद ही मालमत्ता नाही, अमानत आहे, असे आपल्या घरात मुलांना सांगतो ना, तेच कायद्याच्या भाषेत तिथे लिहिलेले आहे.

पालकांना आमचे सांगणे एवढेच. नवीन राज्यपाल आले की मेसेज जरूर पाठवा, पण सोबत मुलांना ही शपथ एकदा वाचून दाखवा. आपल्या विद्यापीठांचे कुलपती हेच राज्यपाल असतात, म्हणजे तुमच्या मुलाच्या पदवीशीही त्यांचा संबंध आहे. मग वर्षभर पाहा, सही वेळेवर होते का, बहुमत सभागृहात मोजले जाते का. आणि अधिवेशन सुरू झाले की राजभवनापेक्षा आपल्या आमदाराकडे जास्त लक्ष ठेवा.

त्या मुलीला आम्ही त्या दिवशी म्हणालो, “राज्यपालांना कोण उठवतं ते माहीत नाही बेटा, पण झोपायचं नाही ते आपण.” वर्ग पुन्हा हसला. ती मात्र वहीत काहीतरी लिहून घेत होती.