भरतीचे गणित आणि मिठाची थाळी

पाचवी ते आठवीचे वय मोठे अवघड. पोर आता गोष्टींना भुलत नाही आणि मोठ्यांच्या कामात त्याला कोणी घेत नाही. अपूर्णांक, शेकडेवारी, विज्ञानाच्या व्याख्या येऊन आदळतात त्या याच वर्षांत. अभ्यासावरून मन उडते तेही बहुधा तेव्हाच. अशा वेळी घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या थोरल्या माणसाने आठवड्याला तासभर त्याच्याबरोबर बसून काही करावे. हे माणूस फार शिकलेले असायला हवे असे मुळीच नाही.

मीरा-भाईंदरचेच पाहा. वसईच्या खाडीच्या अलीकडचा हा भाग. २००२ साली इथे महानगरपालिका झाली, स्टेशनाभोवती इमारतींची दाटी झाली. पण उत्तन, पाली, चौक ही कोळ्यांची गावे त्याच हद्दीत आहेत आणि खाडीकाठी आगऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या मीठ पिकवले आहे. तिथल्या आजोबांच्या डोक्यात जे आहे ते सातवीच्या पुस्तकाला पुरून उरेल.

आपल्या किनाऱ्यावर भरतीचा एक जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. अष्टमीला सहा. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. दिवसातून दोनदा भरती, म्हणून पहाटे साडेचारला एक आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमारास दुसरी. आजोबांनी नुसती रीत सांगावी. गुणाकार नातवाने करावा आणि दोघांनी मिळून धक्क्यावर जाऊन घड्याळ पाहावे. आडाखाच तो, थोडा फरक पडणारच. खाडीत आत पाणी उशिरा चढते. फरक का पडला, हे मात्र लगेच सांगून टाकू नका. चार दिवस पोराला डोके खाजवू द्या. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते आणि आडाखा पंचेचाळीसच धरतो, हे त्याचे त्याला सापडले तर पाऊण हा अपूर्णांक तो जन्मात विसरणार नाही. (चिखलात आणि पाण्याजवळ मुलांना एकटे धाडू नये, हे वेगळे सांगायला नको.)

दुसरा उद्योग मिठाचा. उन्हाळ्यात लिटरभर समुद्राचे पाणी स्टीलच्या पसरट थाळीत थोडेथोडे ओतून, वर विरळ फडके बांधून उन्हात ठेवावे. पाणी आटले की तळाशी पांढरे खडे दिसतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. किराणा दुकानाच्या काट्यावर थाळीतले किती भरले ते पाहावे. पावसाळ्यात खाडीचे पाणी घेतले तर क्षार कमी निघतात. का, ते पोरालाच विचारा.

तुमच्या गावाला समुद्र नसेल तर भाताचे बियाणे आहेच. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकतात. पोचट दाणे तरंगतात, भरलेले तळाशी बसतात. हे काम या वर्षी सातवीतल्या मुलामुलींच्या हाती द्या. मीठ तेच मोजतील, शेकडा किती झाले ते तेच काढतील. मुलगी मोजत असेल तर तिला मध्येच पाण्याला पाठवू नका. आपल्याकडे एवढेच हमखास चुकते. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचे असते, तेही तिलाच सांगा.

मग तळाचे १०० दाणे एका ओल्या गोणपाटात आणि तरंगलेले, तसेच धुतलेले, १०० दुसऱ्यात गुंडाळून ठेवायला लावा. आठवडाभर गोणपाट ओले ठेवणे ही त्यांचीच जबाबदारी. कोंब मोजून आकडे तारखेसह वहीत लिहायचे आणि पेरणीला किती बी लागेल याचा हिशोब घरी चालू असेल तेव्हा कर्त्या माणसाने ती वही मागून घ्यायची.