भयाद्भुत कादंबरी : आशय-सूचना आणि चित्रणाचा प्रश्न

प्रस्तावना :
नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी मराठी गूढ-भयसाहित्याला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीवर आधारलेली आहे. पाश्चात्त्य ‘डार्क फँटसी’ कादंबऱ्यांत हिंसा, लैंगिक अत्याचार, आत्महत्या अशा प्रसंगांची पूर्वसूचना आरंभीच देण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे. मराठी भयसाहित्याच्या अध्यापनात या प्रथेचा उपयोग काय व तिची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आशय-सूचनेचे स्वरूप :
चित्रपटांना १९५२ च्या कायद्यान्वये प्रमाणपत्र घ्यावे लागते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ वर्गाचे ७, १३ व १६ वर्षे असे वयोगट पाडण्यात आले. ग्रंथांना असे प्रमाणपत्र लागत नाही; त्यामुळे सूचनेची जबाबदारी प्रकाशकावर आणि वर्गात अध्यापकावर येते. सूचना म्हणजे बंदी नव्हे. पाठ्यांश न गाळता विद्यार्थ्याला मनाची तयारी करण्यास अवधी देणे, एवढाच तिचा हेतू असतो.

चित्रणाचा प्रश्न :
तथापि सूचना प्रसंगाविषयी सांगते. दुष्टत्व कोणाच्या माथी मारले आहे, हे ती सांगत नाही. भयकथेत चेटकीण, करणी करणारी म्हातारी, व्यंग असलेला मांत्रिक ही पात्रे संकेताने येतात. वास्तवात याच संशयाने माणसे छळली जातात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर राज्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत १२ कृत्ये आहेत. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे असह्य करणे, तसेच मतिमंद व्यक्तीच्या ठायी अलौकिक शक्ती असल्याचे भासवून तिचा गैरवापर करणे, ही त्यांपैकी दोन होत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कारावास व पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी आहे. हा कायदा कल्पित साहित्यासाठी नाही. परंतु कथेतील संकेत गावातील कोणत्या माणसावर जाऊन पडतो, हे त्यावरून समजते. ज्या विद्यार्थिनीच्या आजीला गावाने चेटकीण ठरविले असेल, तिला ते पात्र केवळ कल्पित वाटणार नाही.

यावर उपाय म्हणून भय वर्ज्य करण्याचे कारण नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातील दुष्टपणा जावा, अशी प्रार्थना आहे. दुष्टत्व देहात, जातीत वा लिंगात नसून वृत्तीत असते, ही दृष्टी भयसाहित्यालाही पेलणारी आहे. ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटात अनर्थाचे मूळ लोभात दाखविले आहे. मात्र भीतीचे रूप तेथेही एका जराजर्जर स्त्रीदेहाला दिलेले आहे. एकाच कलाकृतीत दोन्ही गोष्टी नांदू शकतात, हे यावरून ध्यानात येते.

समारोप :
अध्यापकाने पाठापूर्वी आशय-सूचना द्यावी आणि पाठानंतर ‘येथे भीती कोणाची वाटते व का?’ हा प्रश्न विचारावा. सूचनेने वाचकाची काळजी घेतली जाते. त्या पात्राच्या नावाने ज्यांना ओळखले जाते, त्यांना न्याय या प्रश्नानेच मिळू शकतो.