गुळाच्या चहातली साखर

गुळाच्या चहाच्या टपऱ्या आता अकोल्यातही दिसतात, आणि शुगरची गोळी खिशात असलेली माणसंही तिथं निर्धास्त उभी असतात. "गुयाचा हाय बावा, काही होत नाही!" इतक्या खात्रीनं सांगितली जाणारी दुसरी चुकीची गोष्ट सापडणं अवघड.

गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस. त्यात थोडं लोह, थोडी खनिजं असतात हे खरं. पण त्याचा बहुतेक भाग सुक्रोज, म्हणजे साखरेत असतं तेच. 100 ग्रॅम साखरेत सुमारे 400 कॅलरी, तर तेवढ्याच गुळात सुमारे 380. लोह भरून निघेल एवढा गूळ खायचा म्हटलं, तर आधी शुगरच वर जाईल. मधाचीही फार वेगळी कथा नाही. पोटात गेल्यावर सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. ग्लुकोज रक्तात उतरतं आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावं लागतं. फ्रुक्टोजचा मोठा भार यकृतावर येतो, आणि ते सतत जास्त येत राहिलं की यकृत त्याची चरबी करतं. दारूचा थेंबही न घेणाऱ्याच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' निघतं, त्यामागचं हे एक कारण. साखर पांढरी होती की तांबूस, हे यकृत विचारत नाही.

"मी तं गोड खातच नाही," हे दुसरं ठरलेलं वाक्य. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली मर्यादा सांगितली. वरून घातलेली साखर, तसंच गूळ, मध आणि फळांच्या रसांतली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, जमलं तर 5 टक्क्यांच्या. 2000 कॅलरींच्या हिशेबानं ती 50 आणि 25 ग्रॅम होते. आता वऱ्हाडातला पाहुणचार आठवा. ज्याच्या घरी जाल तिथं चहा, कचेरीत चहा, दुकानात बसलं तरी चहा. कपात एक चमचा, म्हणजे 5 ग्रॅम धरले, तरी पाच कपांत 25 ग्रॅम संपले, आणि जिलेबी अजून ताटात यायचीच आहे.

मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकला की रसवंत्या गजबजतात. बर्फ न घातलेल्या पाव लिटर उसाच्या रसात 30 ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून जास्त साखर असते. एखाद्या दिवशी निरोगी माणसानं प्यायला तर बिघडत नाही. पण रोजची तहान त्यावर भागवू नये, मधुमेह्यानं तर नाहीच. रक्तातली साखर फार वाढली की मूत्रपिंडं ती लघवीवाटे बाहेर टाकतात आणि सोबत पाणीही जातं. अकोल्याच्या उन्हात हे महागात पडतं. त्यापेक्षा माठातलं पाणी किंवा पातळ ताक बरं.

"गोड खाल्ल्यानं शुगर होते" हे अर्धंच खरं. टाइप 1 मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यात लाडवाचा दोष नाही. टाइप 2 मध्ये आनुवंशिकता, पोटाचा घेर, बैठं काम हे सगळं येतं आणि जास्तीची साखर, विशेषतः गोड पेयांतली, त्यात भर घालते.

पण "बारीक माणसाले शुगर होत नाही" हे साफ चूक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या 21.2 टक्के. म्हणजे काटकुळ्या दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी दडलेली असू शकते. 2023 मध्ये आयसीएमआरच्या पाहणीनं देशात 10.1 कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. ते सगळे काही ढेरपोटे नाहीत.

सकाळी कारल्याचा रस घेतला की दुपारचं श्रीखंड 'मारलं' जातं, हाही लाडका समज. कडू आणि गोड यांची वजाबाकी जिभेवर होत असेल, रक्तात होत नाही. कारल्याच्या भरवशावर गोळी बंद करणं तर धोक्याचंच.

मात्र एका वेळी साखरच औषध असते. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याला अचानक घाम सुटला, हात थरथरले, गरगरलं, तर शुगर उतरलेली असू शकते. शुद्धीवर असेल तर त्याला लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा.