जांभूळ आणि त्याचे ऑस्ट्रेलियातील भावंड

ज्येष्ठ सरत आला की हुबळी-धारवाडच्या मधोमध वसलेल्या नवनगरात जांभळांच्या टोपल्या दिसू लागतात. कानडी गिऱ्हाईक त्यांना ‘नेरळे’ म्हणते, मराठी गिऱ्हाईक जांभूळ. जीभ मात्र दोघांचीही सारखीच रंगते! हा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा, तर तुरटपणा टॅनिनचा.

याच फळाचे एक भावंड ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील पर्जन्यवनांत आढळते. त्याचे नाव रिबेरी. ते लहान, तांबडे व आंबटसर असून त्याला लवंगेचा पुसट स्वाद असतो. यात नवल नाही, कारण लवंगही याच वनस्पति-प्रजातीतील आहे. तेथे त्याचा मुरंबा करतात.

जांभळात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणीच असते. थोडे ‘क’ जीवनसत्त्व व काही क्षारही मिळतात. परंतु त्याची खरी ख्याती आहे ती मधुमेहावरील औषध म्हणून. 1921 साली इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी युरोपातील डॉक्टरही बियांचे चूर्ण रोग्यांना देऊन पाहत. प्राण्यांवरील अनेक प्रयोगांत त्याने रक्तातील साखर उतरलीही. माणसांविषयीचा पुरावा मात्र तोकडा आहे. ब्राझीलमध्ये जांभळीच्या पानांच्या काढ्याची रुग्णांवर रीतसर परीक्षा झाली, तेव्हा साखर उतरली नाही.

ज्याचे शरीर इन्सुलिन निर्माणच करीत नाही, अशा रुग्णाने चूर्णाच्या भरवशावर टोचणे थांबविले, तर रक्तात आम्ले साठून थोड्याच दिवसांत प्राणावर बेतते. औषधे चालू ठेवून चूर्ण घ्यावयाचे असल्यास तेही डॉक्टरांच्या कानांवर घालावे. दोहोंच्या संयोगाने साखर एकाएकी फार उतरण्याचा संभव असतो.