चालण्याच्या दोन गोळ्या : नावे जवळची, कामे वेगळी

चालताना पाय अडखळू लागले की घरची मंडळी ‘वात आहे’, ‘अशक्तपणा आहे’ असे म्हणून मोकळी होतात. परंतु पुष्कळदा दोष पायात नसून मज्जासंस्थेत असतो. अशा रुग्णांसाठी डॅलफॅम्प्रिडीन आणि ॲमिफॅम्प्रिडीन ही दोन औषधे आहेत. नावे सारखी वाटली, तरी एकाऐवजी दुसरे चालत नाही.

दोन्ही औषधे मज्जातंतूवरील पोटॅशियमच्या वाटा रोखतात. त्यामुळे तंतूतील संदेश अधिक काळ टिकतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तंतूवरील आवरण झिजते आणि संदेश वाटेतच क्षीण होतो. तेथे डॅलफॅम्प्रिडीन देतात. अमेरिकेत त्याला २०१० साली मान्यता मिळाली. १० मिलिग्रॅमची गोळी १२ तासांच्या अंतराने, न फोडता व न चावता घ्यावयाची असते. चालण्याचा वेग वाढतो तो साधारण तिघांपैकी एकाचा. मूळ रोग मात्र बरा होत नाही.

लॅम्बर्ट-ईटन हा दुर्मिळ आजार वेगळा. त्यात मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला अपुरा संदेश मिळतो व मांड्यांतील शक्ती जाते. त्यावर ॲमिफॅम्प्रिडीन दिवसातून अनेक वेळा विभागून देतात. अमेरिकेत त्याला २०१८ साली मान्यता मिळाली. या आजाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांत कर्करोग, बहुधा फुप्फुसाचा, आढळतो. म्हणून त्याची तपासणी टाळू नये.

दोन्ही औषधांनी फिट येऊ शकते. पूर्वी फिट आली असल्यास ती घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. दोन्ही गोळ्या एकत्र तर मुळीच घेऊ नयेत.

तुमसरसारख्या धानाच्या पट्ट्यात आणखी एक कारण ध्यानात ठेवावे. धानाच्या बांधीत पेरली जाणारी लाखोळी महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास लॅथिरिझम होतो. पाय ताठ होऊन रुग्ण चवड्यांवर चालतो. ही हानी सहसा कायमची असते आणि या दोन्ही गोळ्या तिच्यासाठी मान्य नाहीत. तेथे मिश्र आहार हाच खरा बचाव.

तेव्हा शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मागून आणू नका. पाय का अडखळतो, हे आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासून घ्या. औषध त्यानंतर.