निर्गुडीचा शेक
शाहूवाडीच्या पावसात दिवसभर वाकून भातलावणी केली की रात्री कंबर धरतेच. अशा वेळी ओढ्याकाठची निर्गुडी कामी येते. दोन मुठी पाला तव्यावर थोड्या तिळाच्या तेलात परतावा, सुती फडक्यात पुरचुंडी बांधावी, आधी मनगटावर टेकवून पाहावी आणि दुखऱ्या जागी 10-15 मिनिटं हलकेच फिरवावी. उबेने रक्तप्रवाह वाढतो, आखडलेले स्नायू सैल होतात. चीनमधल्या ‘मोक्सा’ उपचारात जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्याच कुळातली वनस्पती धुमसवून त्वचेजवळ धरतात. तिथेही मुख्य आधार उबेचाच. मात्र ताजी सूज किंवा जखम असेल तर शेक नको. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर चटका कळत नाही, तिथेही टाळावा. आठवडाभरात दुखणं हटलं नाही तर डॉक्टरांना दाखवावं.