ध्वनीची ऊब

आपल्या खानदेशचें भरीत आपण सर्वांनीं चाखलेलें आहे. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यास जो धुराचा स्वाद येतो, तो वांग्याचा मूळ गुण नव्हे. तथापि त्यावांचून भरितास गोडी नाहीं. जुन्या टेपवरील गाण्यांत जी ऊब भासते, तिचा प्रकार असाच आहे.

टेपच्या फितीवर लोखंडाच्या गंजासारख्या बारीक भुकटीचा लेप असतो. आवाजाच्या लहरी विजेच्या द्वारें त्या भुकटीस चुंबकत्व देतात. परंतु तिची ग्रहणशक्ति मर्यादित आहे. आवाज फार चढला म्हणजे चुंबकत्व त्या प्रमाणांत वाढत नाहीं. लहरींचीं टोकें गोलसर होतात, आणि मूळ स्वराच्या तिप्पट कंपनसंख्येचा मंद उपस्वर त्यांत मिसळतो. ह्या दोषासच आपण ऊब म्हणतों!

डिजिटल पद्धतींत आवाज अंकांनीं नोंदला जातो. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीवर आवाजाचें माप सेकंदास ४४,१०० वेळां घेतलेलें असतें. मर्यादेच्या आंत ही नोंद अत्यंत स्वच्छ असते. पण आवाज मर्यादेबाहेर गेला कीं लहरींचीं टोकें सपाट छाटलीं जातात व तो कर्कश होतो.

म्हणून कित्येक ध्वनितज्ज्ञ डिजिटल आवाज टेपवरून फिरवून मूळ आवाजांत बेताबेतानें मिसळतात. मात्र नोंदणारें हेड आणि वाजविणारें हेड यांत दोन इंच अंतर असेल व फीत सेकंदास पंधरा इंच धांवत असेल, तर आवाज सुमारें एक अष्टमांश सेकंद उशिरा परततो. तें अंतर जुळवून न घेतल्यास प्रतिध्वनि उमटतो. किंचित् चूक राहिली तरी आवाज पोकळ होतो.

आतां मुख्य गोष्ट. बहिणाबाई चौधरी १९५१ सालीं निवर्तल्या. त्यांचीं गाणीं घरच्यांनीं लिहून ठेविलीं होतीं, म्हणूनच तीं १९५२ सालीं पुस्तकरूपानें आपल्या हातीं आलीं. आपल्यांपैकीं कोणाच्या घरीं आजीच्या ओव्यांची किंवा कानबाईच्या गाण्यांची कॅसेट असेल, तर तेथें प्रत्यक्ष कंठच जपलेला आहे. तिला बुरशी लागण्यापूर्वीं तिची एक स्वच्छ डिजिटल प्रत करावी आणि ती जशीच्या तशी ठेवावी. ऊब चढवावयाची ती दुसऱ्या प्रतीवर. कारण भाजलेलें वांगें पुन्हां कच्चें होत नाहीं, आणि एकदां मिसळलेली ऊब आवाजांतून वेगळी काढतां येत नाहीं.